गवती चहा घेऊन चोरखमाऱ्याला

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरहून नागझिऱ्याच्या जंगलाकाठचं चोरखमारा म्हणजे काही परदेश नाही. सकाळी घरून निघालं तर दुपारचं जेवण तिथे होतं. तरी आमच्या स्टाफरूममधला एकही माणूस तिकडे गेलेला नाही. नागझिऱ्याचा वाघ सगळ्यांनी मोबाइलवरच पाहिला आहे. मी जाऊन आले, म्हणून लिहिते. वाघ मीसुद्धा पाहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. जाण्याचं कारण वेगळं होतं. भावासाठी मुलगी बघायला गेलो होतो.

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. वडील राइस मिलमध्ये पोती उचलायचे, आई त्याच मिलमध्ये तांदूळ पाखडायची, आणि त्यांच्या घरात वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी. झाली. ती मी. हे मी कोणी न विचारता सांगते. माझं स्वतःचं लग्न झालेलं नाही. तो वेगळा विषय आहे, इथे नको. वडील गेल्यापासून घरात आई, धाकटा भाऊ राहुल आणि मी.

आमच्या घरी दुधाचा चहा होत नाही. मी बंद केला. आईला ॲसिडिटी, मलाही तीच. कोरोनाच्या दिवसांत सगळ्यांनीच तुळस-आलं उकळून प्यायलं आणि नंतर सोडून दिलं. आम्ही सोडलं नाही. चहापत्तीचा डबा मी घासून पुसून त्यात ओवा भरला. आई सुरुवातीला म्हणायची, "हे काय गवताचं पाणी पाजून राहिली? मी काय म्हैस आहो?" मग म्हणायची थांबली. राहुल तर कधी काही बोललाच नाही. तो मिलमध्ये मशीनचा फिटर आहे. मशीनच्या आवाजात राहून त्याला घरी न बोलण्याची सवय झाली आहे.

हा न बोलणारा राहुल मिलच्या मित्रांबरोबर नागझिऱ्याला गेला होता. जिप्सीत ही मंडळी मोठमोठ्याने बोलत होती. गाईड मुलगी होती. तिने मागे वळून सांगितलं, "तुमचं बोलणं होऊन जाऊ द्या जी, मग निघू. वाघ कुठे पळून नाही चालला." राहुल घरी आला तो जेवलाच नाही. आईला वाटलं ऊन लागलं. दोन दिवसांनी त्याने त्या मुलीचं नाव सांगितलं, विशाखा, आणि तिच्या गावाचं नावही सांगितलं. याआधी आलेली सगळी स्थळं त्यानेच मोडली होती.

फुलचूर ते तिरोडा

राहुलच्या मित्राची गाडी होती, चालवत राहुलच होता. निघताना त्याने आम्हा दोघींना एकच वाक्य ऐकवलं. "हे जमलं तर ठीक, नाही तर मी परत कुठे येणार नाही." आईने माझ्याकडे बघितलं. "सुजाता, तिथे जास्त बोलू नको." मी म्हटलं, विचारलं तेवढंच बोलेन.

तिरोड्याला टपरीवर थांबलो. मी माझा गवती चहा-सुंठ-ओव्याचा डबा काढला आणि म्हटलं, "भैया, सिर्फ गरम पानी देना."

टपरीवाल्याने आईकडे बघितलं. "माताजी की तबियत ठीक नहीं है क्या?"

"ठीक है."

"आपकी?"

"मेरी भी ठीक है."

मग त्याने राहुलकडे बघितलं आणि पुढे काही न विचारता पाणी दिलं.

तिरोड्याच्या पुढे रस्ता बारीक होतो. धान कापून झालं होतं. बांध्यांत म्हणजे भातखाचरांत खुंटं उरलेली, आणि खळ्यांवर धानाचे पुंजणे घरांपेक्षा उंच रचून ठेवलेले. मग एका वळणावर एकदम तलाव येतो. चोरखमाऱ्याचा तलाव बघून आमच्या गोंदियातल्या लोकांनी आपल्या तलावांना तलाव म्हणायचं सोडून द्यावं असं मला वाटलं. पलीकडच्या काठावर जंगल सुरू होतं, पाण्यावर बदकं बसलेली. राहुलने गाडी थांबवली नाही. त्याचं लक्ष नव्हतं.

आत्याबाईंचं घर

विशाखाची आई ती लहान असताना गेली. तिला वाढवलं तिच्या वडिलांच्या मोठ्या बहिणीने. सगळे त्यांना आत्याबाई म्हणतात, वडीलसुद्धा. वडील तलावावर मासेमारी करतात आणि घरात फार बोलत नाहीत, कारण त्यांची पाळी येत नाही.

जयभीम झाला, पाणी आलं. सतरंजीवर बसलो. विशाखा ड्युटीवरून थेट आली होती, खाकी कपड्यांतच. डोक्यावर पदर नाही, खाली मान नाही. समोर खुर्ची घेऊन बसली. मला मुलगी तिथेच पसंत पडली.

आमच्याकडे गोंदियात आलेल्याला आधी विचारतात, "चाय चलेगी?" आणि माणसाला नाही म्हणायला जागा राहते. चोरखमाऱ्यात विचारत नाहीत. चहा येतो. म्हशीच्या दुधाचा, वर साय धरलेला, साखर एवढी की चमचा उभा राहावा.

"मी दुधाचा चहा घेत नाही," मी म्हणाले. "राहुलही नाही."

आत्याबाईंचा हात तिथेच थांबला. "दूध घरचं आहे जी. पाणी नाही टाकलं."

"तसं नाही. आम्ही हे घेतो." मी डबा उघडला.

आता इथे मला सांगितलंच पाहिजे की त्या घरातल्या लोकांनी माझं जेवढं लक्ष देऊन ऐकलं, तेवढं माझ्या वर्गाने कधी ऐकलेलं नाही. मी चुलीपाशी बसून करूनच दाखवलं. सुंठ आणि ओवा आधी पाण्यात टाकून उकळायचं, कारण टणक वस्तूचा अर्क निघायला वेळ लागतो. आलं हे मूळ नसून खोड आहे, हेही सांगितलं. मग भांडं चुलीवरून उतरवून गवती चहाची पाती कापून टाकायची, तुळशीची पानं हाताने चुरडून टाकायची आणि लगेच झाकण ठेवायचं. पानं उकळत ठेवली तर वास वाफेबरोबर निघून जातो आणि भांड्यात नुसता पाला उरतो. गोड हवं तर थोडा गूळ, तोही प्यायच्या वेळी.

"आन हे कायले?" आत्याबाईंनी तुळस दाखवली.

"खोकल्याला. कफाला."

"आन हे?"

"ओवा. पोटाला. गॅस होत नाही."

"आन सुंठ?"

"सर्दीला, सांध्यांना. गवती चहा ताप उतरायला. अंग हलकं राहतं."

आत्याबाईंनी एकदा विशाखाच्या वडिलांकडे बघितलं. "आन राहुलबाबू हे सगळंच पेतेत?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ. मीच लावलंय."

"बरेच दिवस झाले काय?"

"वर्षं झाली."

"मग फरक आहे?"

"खूप फरक आहे," मी म्हणाले. "आधी फार त्रास होता."

आईने माझ्या पायाचा अंगठा दाबला. मला वाटलं, तिला जागा कमी पडते आहे. मी सरकून बसले.

मुक्काम त्यांच्याकडेच होता. सकाळी विशाखाच आम्हाला जंगलात नेणार होती. रात्रीचं जेवण दिवेलागणीलाच झालं. आईच्या ताटात तलावातल्या मासोळीचा रस्सा, तांदळाची भाकर, लसणाची चटणी. माझ्या आणि राहुलच्या ताटात मऊ भात आणि मुगाचं वरण. मला बरं वाटलं. एका चहावरून या लोकांनी आमची खाण्याची सगळी पद्धत ओळखली, असं मी मनात म्हटलं. राहुलने रश्श्याच्या गंजाकडे हात नेला, तर विशाखाच्या वडिलांनी गंज हळूच बाजूला घेतला. दिवसभरात ते पहिल्यांदा बोलले. "राहू द्या जी. पचाचं नाही."

राहुलने मुगाचं वरण खाल्लं. झोपताना त्याला दोन वाकळा मिळाल्या. मला एक.

नागझिरा

थंडी एवढी की जिप्सीत बसल्यावर कान आपले आहेत की नाहीत ते हाताने चाचपून बघावं लागत होतं. विशाखा पुढे ड्रायव्हरशेजारी, मी आणि राहुल मागे. आई घरी थांबली. ऐन, साग, तेंदू, मधेच बांबूची बेटं. मी झाडांची शास्त्रीय नावं सांगत होते. विशाखाने दोन-तीन ऐकून घेतली, मग म्हणाली, "ताई, जनावरं ऐकून राहिले." पुढची नावं मी मनात म्हटली. रानगव्यांचा कळप दिसला. एवढं मोठं जनावर एवढ्या शांतपणे चरू शकतं, हे आमच्या स्टाफरूमने बघण्यासारखं आहे.

पुढे कुठेतरी चितळ ओरडलं. विशाखाने हात वर केला, ड्रायव्हरने गाडी बंद केली. चितळ असं ओरडलं म्हणजे वाघ जवळपास असतो. सगळं चिडीचूप. त्या शांततेत ती मागे वळली आणि राहुलला हळू आवाजात म्हणाली, "एक विचारू काय? तुम्हाले नेमकं काय होते?"

"कुठे काय होते?" राहुल म्हणाला.

"आत्याबाई रात्रभर बोलून राहिली. पोराले खोकला आहे, पोटाचं आहे, सांध्याचं आहे, ताप येते. बहीण स्वतः सांगते म्हणते. वर्षांपासून औषध चालू आहे म्हणते."

"औषध नाही ते, चहा आहे," मी म्हणाले.

"शू," ड्रायव्हर म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "मलेरिया राहिला असन."

विशाखा हसली नाही. "माझ्या चुलतबहिणीच्या सासरी असंच झालं. लग्नाच्या वेळी नवरदेवाची बिमारी लपवली. ती आता माहेरी आहे, तिचं लेकरू बी माहेरीच आहे. तवापासून आत्याबाई पाहुण्याचं खाणं-पेणं पाहाते. तिने ठरवलं आहे. दुपारी जेवण झालं का तुमच्या आईले नाही म्हणून सांगते."

"मले काही नाही," राहुल म्हणाला. "ताई करून देते म्हणून पेतो."

"मग नाही म्हणाचं ना."

"नाही म्हटलं तर ती फायदे सांगते."

विशाखाने माझ्याकडे बघितलं. "मले समजलं जी. पण मले समजून काय होते? आत्याबाईनं मले वाढवलं. ती नाही म्हणली तर मी हो म्हणणार नाही."

नेमका तेव्हाच वाघ मागून रस्ता ओलांडून गेला, असं ड्रायव्हरने नंतर सांगितलं. त्याने आरशात बघितला. आम्हाला सांगितलं काऊन नाही, असं मी विचारलं, तर म्हणाला, "तुमचं महत्त्वाचं चालू होतं."

अंगणात

परत आलो तोवर मुगाच्या वरणावरून आईला सगळं कळलं होतं आणि तिने आपल्या परीने लढून बघितलं होतं. आमच्या भागात लग्नाआधी सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी करून घेतात. राहुलचं कार्ड आईने पिशवीतून आणलंच होतं, योग्य वेळी दाखवायला. ते तिने दाखवलं. आत्याबाईंनी ते उलटसुलट बघितलं आणि म्हणाल्या, "ही एक बिमारी नाही म्हणते. बाकीच्याचं काय?"

मी पुढे झाले. "आत्याबाई, त्याला काही होत नाही. काही होऊ नये म्हणून घेतो आम्ही."

"काही होतच नाही, तर कायले?"

"कोरोनात तुम्हीही प्यायलाच असाल ना?"

"पेलो ना. तवा बिमारी होती. बिमारी गेली, आमी सोडला. तुमी नाही सोडला." त्या थांबल्या. "म्हणजे तुमची गेली नाही."

इतकी वर्षं पेपर तपासते आहे, असं बिनतोड उत्तर एकाही विद्यार्थ्याने लिहिलेलं नाही. राहुल ओट्यावर बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. हे स्थळ माझ्या डब्यामुळे हातचं चाललं होतं. मी म्हणाले, "मग तुम्ही स्वतः पिऊन बघा. आपण सगळेच पिऊ. धडधाकट माणसाला चालतं की नाही ते कळेल."

आत्याबाई कोणाचं आव्हान टाळणाऱ्या नाहीत. त्यांनी अंगणातल्या चुलीवर मोठा गंज चढवला. घरामागे गवती चहाचं हे एवढं बेट होतं, ताप आला तर लागतो म्हणून लावलेलं. त्यांनी दोन्ही हातांनी ओरबाडून आणला. आलं पाट्यावर ठेचलं. माझ्या डब्याच्या मानाने तो डोसच वेगळा होता. आल्या-ओव्याचा वास कुंपण ओलांडून गल्लीत गेला.

गल्लीत त्या वासाचा एकच अर्थ होतो. शेजारच्या पुस्तकलाबाई कुंपणाशी आल्या.

"काऊन वो बाई, कोण बिमार पडलं?"

"कोणी नाही पडलं," आत्याबाई म्हणाल्या.

"मग काढा कायले चढवला?"

"असाच."

"असाच? असाच कोणी काढा पेते काय?"

आत्याबाईंनी चुलीत लाकूड सारलं. पुस्तकलाबाई निघून गेल्या, पण गप्प बसल्या नसाव्यात. कारण थोड्या वेळाने त्यांची सून वाटीत मध घेऊन आली. एक म्हातारेबुवा गुळवेलीचा हातभर तुकडा ओट्यावर ठेवून गेले. फाटकात मोटरसायकल थांबली; बसल्या बसल्याच एकाने विचारलं, "उपकेंद्रात नर्सबाई आहे आज. नेऊ काय?" कोणाला, ते त्याने विचारलं नाही. हे मला आवडलं. फुलचूरमध्ये आधी कोणाला ते विचारतात, मग पेट्रोल नाही म्हणतात.

मग पुस्तकलाबाई पुन्हा आल्या. आत्याबाईंना बाजूला घेतलं. जन्मभर एका बांधीतून दुसऱ्या बांधीत आवाज देणाऱ्या बाईला हळू बोलता येत नाही. "पाहुणे पोरगी पाहाले आले, आन घरात काढा शिजून राहिला. पोरीले काही आहे काय वो? मले सांग. मी कोणाले सांगत नाही."

मोटरसायकलवाल्याने इंजिन बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून.

आत्याबाई चुलीपुढून उठल्या. "माझ्या पोरीले काय होते? रोज पहाटे जंगलात जाते. अस्वल समोर आलं तरी तिची नाडी हलत नाही!"

"मग पोराले आहे काय?"

"पोराले बी काही नाही! कसा आहे पाहून घे. मिलमध्ये लोखंड उचलते तो."

"मग हा काढा?"

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग पुस्तकलाबाईंकडे. मग कमरेवर हात ठेवला. "काढा नाही हा. चहा आहे. बिमारी यायच्या आधी पेतेत. घसा मोकळा राहते, पोट हलकं राहते. शहरात शिकले-सवरले लोक पेतेत. आलं आधी उकळाचं, पत्ती मागून टाकाची, वर झाकण ठेवाचं, नाही तर वास उडून जाते. तुले काय समजते? घे, पे!"

मी केलेल्या खुलाशात आणि या खुलाशात शब्दाचा फरक नव्हता. आवाजाचा होता. पुस्तकलाबाईंनी प्यायलं, सुनेने प्यायलं, मोटरसायकलवाल्याने दोनदा मागून घेतलं. आलं एवढं पडलं होतं की मला ठसका लागला.

एकदा पूर्ण गल्लीसमोर सांगून झालं, की ते परत घेता येत नाही. आता पाहुण्यांना परत पाठवलं तर त्यांच्या चुलीवरचा काढा काढाच ठरत होता, आणि मग पोरीवर शंका. आत्याबाई हिशेबाला पक्क्या आहेत. दुपारच्या जेवणात राहुलच्या ताटात मासोळीचा रस्सा पडला. तिखटाने त्याचं नाक वाहायला लागलं. आत्याबाई त्या नाकाकडे बराच वेळ बघत होत्या. आई घाईने म्हणाली, "तिखटानं आलं जी." राहुलने तेवढ्यात आणखी वाढून मागितलं, आणि ते नाक माफ झालं.

हात धुऊन सगळे ओट्यावर बसलो. आत्याबाई म्हणाल्या, "आमचं हो आहे. पोरीले विचारा."

विशाखा राहुलकडे बघत होती, पण बोलली माझ्याशी. "ताई, मी ड्युटी सोडणार नाही. लग्न झालं तरी नाही."

"सोडायला कोणी सांगितलं?" मी म्हणाले. नोकरीवर जाणाऱ्या बाईला घरात बसवणारी मी नाही.

"रोज फुलचूरहून येशील कशी पोरी?" आईने विचारलं.

"सीझनमध्ये आठवडाभर इकडे राहीन. सुट्टीले तिकडे."

"सुट्टी नसली का मी येईन इकडे," राहुल म्हणाला. चोरखमाऱ्यात आल्यापासूनचं हे त्याचं न विचारता केलेलं पहिलं बोलणं. विशाखाचे वडील मान हलवून हसले.

"आन अजून एक," विशाखा म्हणाली. "थंडीत उठून जाते मी. निघायच्या आधी मले चहा लागते. दुधाचा, साखरेचा. तुमच्या घरी असली का बी लागन. तुमचं ते पाणी वाईट नाही. पण मी नाही पेणार. चालते काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई, राहुल, आत्याबाई, कुंपणापलीकडून पुस्तकलाबाई. मला दुधाच्या चहाने होणारी ॲसिडिटी, रिकाम्या पोटी घेतलेलं कॅफिन, साखर, सगळं पाठ आहे. अर्धा तास सहज बोलू शकले असते.

"चालतं," मी म्हणाले.

परत

संध्याकाळच्या आत तिरोडा गाठायचं होतं म्हणून उजेडातच निघालो. आत्याबाईंनी पिशवीभर गवती चहा मुळासकट उपटून दिला. तलावाच्या वळणावर या वेळी राहुलने गाडी थांबवली, उतरला, बदकं बघितली, परत येऊन बसला. मोबाइल काढला नाही, फोटो घेतला नाही. आईने त्याला बोलावलं नाही.

तिरोड्याच्या बाजारात आई म्हणाली, "जरा थांबव." मग माझ्याकडे वळली. "चहापत्ती आन साखर घेऊन ये. लग्नाले वेळ आहे, पण घरात राहू दे. ती पाहाले आली तर?"

मी उतरले. किराण्याच्या दुकानात चहाची पाकिटं भिंतभर टांगलेली होती, लाल, हिरवी, पिवळी. इतक्या वर्षांत मी त्या रांगेसमोर उभी राहिले नव्हते.

"मॅडम, कौन सी दूँ?" दुकानदाराने विचारलं.

मला त्यातलं एकही नाव ओळखीचं वाटेना. "अच्छी वाली देना," मी म्हणाले. "बहू आ रही है घर में."

त्याने वरच्या रांगेतलं मोठं पाकीट काढलं आणि त्याच्यावर साखरेची थैली ठेवली.